काजूवाल्यांची थंडी

काजू धरो न धरो, थंडीत आमच्या काजूवाल्यांचे किस्से मात्र पोत्याने साचतात. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आमच्या तीन बागा लागून लागून. एक आमची, एक भिसेगावच्या दळवी वकिलांची आणि एक सुमनवहिनींची. वहिनी भातगिरणी सांभाळून बाग बघतात. थंडी नीट पडली की मोहोर येतो. आभाळ भरून आलं की ढेकण्या नावाची कीड त्याचा रस पिते आणि मोहोर करपतो. एवढं साधं! पण साधं राहील तर आमचा ग्रुप कसला?

*

एका डिसेंबरात थंडीच पडेना. वकिलांनी खोपोलीहून टेंपोभर बर्फाच्या लाद्या आणून झाडांच्या बुंध्यांशी मांडल्या. "वरून मिळत नाही ना? मग खालून देऊ!"

दुपारपर्यंत नुसता चिखल. त्या ओलीने मोहोराऐवजी पालवीच फुटली.

आमचे हे म्हणाले, "वकीलसाहेब, लिंबू-साखर टाकली असती तर निदान सरबत तरी मिळालं असतं!"

*

हे तरी कुठले शहाणे! आभाळ काळंकुट्ट आणि हे पाठीवर पंप बांधून फवारणीला निघाले.

म्हटलं, "अहो, पाऊस येतोय."

मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "ॲपवर बघ, कडक ऊन!"

फवारणी संपली आणि सर आली. सगळं औषध ओढ्यात. हे भिजून दारात उभे, मोबाईलवर अजून ऊनच.

"त्याच उन्हात कपडे वाळत घाला आता!"

*

धूर केला की ढेकण्या पळतो, असं कुणीतरी सुमनवहिनींच्या डोक्यात भरवलं. त्यांनी ओला पाला पेटवला. धूर गेला शेजारच्या फार्महाऊसवर. तिथे लग्नाआधीचं फोटोशूट! खोकून खोकून नवरीचा मेकअप ओघळला.

फोटोग्राफर धावत आला. वाटलं, आता भांडण. तर तो म्हणतो, "काकी, क्या फॉग है! उद्या पण लावणार का?"

ढेकण्या जागचा हलला नव्हता.

*

यंदा मात्र थंडी झकास पडली. असा मोहोर आम्ही कधी पाहिला नव्हता. बागभर मधमाश्यांची गुणगुण. त्या फुलांवर बसल्या तरच काजू धरतो, हे वकिलांनाही माहीत.

मग दोन दिवस ढगाळलं आणि वकिलांचा धीर सुटला. भर दुपारी, माश्या फुलांवर असताना, त्यांनी दुकानातलं सर्वांत जहाल औषध मारायला घेतलं.

सुमनवहिनी कुंपणावरून ओरडल्या, "अवो, थांबा! माश्या मरतील!"

"वहिनी, किडीचा बंदोबस्त असाच करायचा असतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही बागा चिडीचूप. मोहोर वाऱ्यावर डोलतोय आणि खाली मेलेल्या माश्यांचा सडा. मला रडूच फुटलं. हे तोंड फिरवून उभे राहिले.

वकील मात्र खूश. "बघा, एक ढेकण्या शिल्लक नाही!"

सुमनवहिनी तरातरा निघून गेल्या. गिरणीतली शिडी आणून त्यांनी वकिलांच्या झाडाला टेकवली.

"चढा, वकीलसाहेब. माश्या तर ऱ्हायल्या नाय. आता मोहोरावर तुमीच बसा!"