वाऱ्याकडे तोंड करून

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून एक छोटी खोली आहे. तिथे एक संगणक, एक मोठा पडदा आणि टेबलाला घट्ट बसवलेली एक जॉयस्टिक आहे. तास संपले की आम्ही काही मुलंमुली तिथे विमान चालवतो. खरं विमान मी अजून जवळून पाहिलेलं नाही. गावावरून कधीतरी एखादं फार उंचावरून जातं आणि त्याची पांढरी रेघ बराच वेळ राहते, तेवढंच. त्यामुळे ‘मी विमान चालवते’ असं लिहिताना अजूनही थोडा संकोच वाटतो. पण चालवते, हे खरं आहे.

वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला शिकायला आलेली मी आमच्या घरातली पहिली. होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत गडचांदूरची एक मैत्रीण राहते. तिनेच मला हाताला धरून त्या खोलीत नेलं. तिथलं मंडळ चालवायची शेवटच्या वर्षाची एक ताई. ती सिरोंचाची, आणि आनंद झाला की तिच्या तोंडून आधी तेलुगू निघतं.

ताईला मोठे विमानतळ आवडायचे नाहीत. “तिथं काय मजा? सगळं सांगायला माणूस बसलेला असतो,” ती म्हणायची. तिला आवडायच्या कुठल्यातरी जंगलातल्या, बेटावरच्या, डोंगराच्या कुशीतल्या धावपट्ट्या. गवताची एक पट्टी, कडेला एखादी शेड, बस्स. तिथे रेडिओवर कोणी बोलत नाही. वारा कुठून आहे हे आपलं आपणच शोधायचं. पडद्यावरचा वाऱ्याचा आकडा ताई बंद करून टाकायची आणि वाऱ्याची दिशा स्वतः गुपचूप ठरवायची. मग आम्ही धावपट्टीवरून उंच एक फेरी मारायची आणि खाली बघायचं. खांबाला लावलेली कापडी पिशवी कुठे फुगली आहे, धूर कुठे कलला आहे, तळ्याच्या कोणत्या काठाला पाणी शांत आहे.

हे बघणं मला पहिल्या दिवसापासून जमलं. बाकीचे पिशवी शोधत बसायचे, तोवर मी सांगून मोकळी व्हायचे. पण उतरायची वेळ आली की माझं विमान दरवेळी धावपट्टी संपवून पुढच्या झाडांत जायचं. चाकं टेकायलाच तयार नसत. जमिनीवरून हातभर उंच, वेगात सरकत राहायचं आणि मग समोर सागाएवढी झाडं.

“हिले लाकडं तोडाले जायाचं असन,” मैत्रीण म्हणायची. “एवढे झाडं पाडले त वनखातं येईन इथी!”

मी हसायचे, पण मनातून घाबरले होते. कारण गावात कोणीतरी आईला सांगितलं होतं की तुमची पोर कॉलेजात गेम खेळते. आईचा फोन आला.

“गेम खेळाले पाठवलं काय वो तुले?”

“गेम नाई आई, विमान उतरवतो आम्ही.”

“मंग उतरवता येते काय?”

“शिकून राह्यलो आम्ही,” मी म्हणाले. आई म्हणाली, “संमेलनाले येतो मी. माह्या डोळ्यानं पाहीन. मंग सांगीन त्या खोलीत जायाचं का नाई ते.”

आई रागीट नाही, पण बोललेलं फिरवत नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मंडळाने पाहुण्यांना विमान उतरवून दाखवायचं ठरवलं होतं, आणि मी हट्टाने माझं नाव दिलं. ती खोली सुटू नये एवढंच मला हवं होतं. मोठ्यांदा हसणारी माणसं मला ब्रह्मपुरीत तिथेच भेटली होती.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा झाडांत गेले, तेव्हा ताईने खुर्ची ओढून माझ्या शेजारी लावली.

“परत कर. आणि काय करतेस ते बोलत बोलत कर.”

मी बोलत गेले. “धूर डावीकडं चालला. म्हणजे वारा उजवीकडून आहे.”

“बरोबर.”

“मग आपण उजवीकडून डावीकडं उतरायचं.”

“थांब. काऊन?”

“वाऱ्याकडं पाठ करायची ना.”

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं काहीतरी भयंकर बोलून गेले. “कोणी सांगितलं तुला?”

“आईनं,” मी म्हणाले. आणि म्हणताच मला कळलं.

खळ्यावर धान उपणताना आई तिव्यावर, म्हणजे तीन पायांच्या उंच लाकडी घडवंचीवर, उभी राहते आणि सुपातून धान हळूहळू खाली सोडते. वारा कोंडा उडवून नेतो, दाणा पायाशी पडतो. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो सगळा कोंडा डोळ्यांत आणि नाकातोंडात जातो. सूप हातात धरता येऊ लागलं तेव्हापासून मी एकच ऐकत आले, पाठ दे वाऱ्याले. मी विमानालाही पाठ द्यायला लावत होते. मागून वारा ढकलत होता, म्हणून ते थांबत नव्हतं.

ताई इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मैत्रिणीने तर जाहीरच केलं, “विमान उतरवत नाई ही, उपणून राह्यली!” ‘उपणणारी’ हे नाव मला अजून चिकटलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

संमेलनाच्या दिवशी आई जीपने आली. हातात मोहफुलांच्या लाडवांची पिशवी. पहिल्याच बाकावर ती ताठ बसली. खोली भरली होती.

ताईने दिलेली धावपट्टी जंगलातल्या तळ्याकाठी होती. मी वरून फेरी मारली. खांबावरची वाऱ्याची पिशवी झाडांमागे दडली होती. मी तळ्याकडे वळणार, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

“अवं, तो पाह्य ना धूर! झोपडीतून निघून राह्यला!”

खरंच होता. तळ्याकडे कललेला पातळ धूर.

“पाठ दे!” आई बाकावरून अर्धी उठली होती. “पाठ दे वाऱ्याले!”

खोलीत हशा पिकला. आणि काय सांगू, माझा हात खरंच त्या बाजूला वळला. आईचा आवाज आला की हात आपोआप वळतो. विमान कललं.

“आई, हे उपणणं नाई वो,” मी म्हणाले आणि विमान उलट फिरवून तळ्यावरून आत आणलं. आता धूर माझ्या दिशेने येत होता.

“अवं तोंडात जाईन सारा कोंडा!”

मी हसत होते आणि दांडा धरून होते. समोरचा वारा विमानाला तळहातावर घेतल्यासारखा अडवत होता. गवत हळूहळू वर आलं. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. विमान थांबलं तेव्हा पुढे अजून कितीतरी पट्टी मोकळी होती.

“दिगिंदी! दिगिंदी!” ताई ओरडली. उतरलं, उतरलं. मैत्रिणीने अशी शिट्टी मारली की बाहेरची माणसं आत डोकावली.

आई मात्र पडद्याजवळ आली. तिने विचारलं, “एवढ्या लवकर थांबलं काऊन?”

“समोरून वारा धरून ठेवते त्याले.”

“म्हणजे आपून पाठ देतो अन् हे तोंड देते.”

“हो.”

आईने मान हलवली, लाडवांची पिशवी उघडली आणि सगळ्यांच्या हातावर लाडू ठेवले.

“काकू, मग येऊ द्याल ना हिला इथं?” ताईने लाडू खात विचारलं.

“येऊ देईन नाई त काय! चालू केलं त नीट शिक म्हणा.” मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाली, “आपल्या गावाले जाते काय हे?”

मी वैनगंगेवरून विमान नेलं. नदी, जंगल, मग आमचं तळं. घरं नुसते ठिपके होते, तरी आईने पडद्याला बोट लावून आमचं घर कोणतं ते ठरवून टाकलं.

“आता उतरव.”

“पट्टी नाई ना आई गावात. कुठी उतरवू? खळ्यावर?”

“खळ्यावर नको वो!” आई एकदम म्हणाली. “धान वाळू घातलं हाये.”

मी विमान वर घेतलं आणि गावावरून आणखी एक फेरी मारली.