कडी हलण्याआधीचा ढोल

नागू घरतला स्वस्थ बसणं कधी जमलं नाही. जेवताना त्याची बोटं ताटाच्या काठावर वाजत, कुणाशी बोलताना स्वतःच्याच मांडीवर. चौक गावाच्या पलीकडच्या वाडीतला हा शेतकऱ्याचा मुलगा. खोपोलीला विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं तेव्हा तिथं गेला आणि दोन महिन्यांत परत आला. गावच्या पालखीपुढं ढोल वाजवला, तर ताल असा वाढत गेला की पालखीवाल्यांना पळायची पाळी आली, म्हातारे चिडले. पुढं येसाजीशेठचा तंबूतला सिनेमा कर्जतला उतरला आणि नागूला त्याची जागा सापडली. त्या काळी पडद्यावरची माणसं मुकी होती. घोडा दौडला, तलवार चालली, की पडद्याखाली बसून ढोल वाजवायला माणूस लागे.

१९२७ च्या थंडीत तंबू चौकला आला. येसाजीशेठनं मुंबईहून एका भुताच्या चित्राचा तुकडा आणला होता. अख्खं चित्र शनिवारी लागायचं होतं. तोवर रोजचा खेळ संपला की हा तीन मिनिटांचा तुकडा दाखवायचा, म्हणजे लोक पुन्हा येतील.

पहिल्या दिवशी नागूनं जीव खाऊन ढोल बडवला. लोक घोंगड्या झटकत उठले, कुणी बिडी शोधू लागलं.

"नागू, हे भूत आहे की बैलांची शर्यत?" शेठ म्हणाला.

हे बोलणं नागूला लागलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं तंबूच्या कनाती बंद करवल्या आणि यंत्र चालवणाऱ्या कमळ्याला तुकडा पुन्हा पुन्हा दाखवायला लावला. एक विहीर. मग पांढऱ्या लुगड्यातली बाई, ओले केस मोकळे, तोंड दिसत नाही. मग एका घराचं दार. मग नुसती दाराची कडी. पुन्हा बाई, आणखी जवळ. कडी. पाऊल. कडी. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा मोठं, आणि आधीच्यापेक्षा लवकर जाणारं. शेवटी कडी हलते, आणि पाटी येते: शनिवारी.

"कमळ्या, यात भूत कुठंच नाय रं!"

"नायच. भूत शनवारी."

"म्हंजे भूत लोकांनी आपल्या मनात आणायचं. आनि मी मधी एवढा गोंगाट करतोय, त्यांना येळ कुठं मिळतो?"

यंत्र हातानं दांडा फिरवून चालायचं. नागूनं कमळ्याला सांगितलं, बाई चालते तिथं दांडा हळू फिरव. बाई जमिनीला पाय न लावता तरंगल्यासारखी दिसू लागली.

त्या संध्याकाळी नागूनं टिपरू हातात घेतलंच नाही. नुसत्या बोटांनी, बाईच्या एका पावलाला एक ठोका, इतका हलका की माणसं ऐकायला पुढं झुकली. चित्रं भराभर बदलू लागली तसे ठोके जवळ आले, छातीच्या ठोक्यांइतके, मग त्याहून घाईचे. आणि कडी हलायच्या एक श्वास आधी त्यानं दोन्ही हात उचलले. तंबूत फक्त यंत्राची घरघर. कडी हलली.

"आई गं!" कुणीतरी पुरुषच ओरडला. बायकांनी पदर तोंडावर घेतले. शेठनं नागूची पाठ थोपटली. तीन दिवस चौक गावात, वाटेवर, भाताच्या खळ्यांवर दुसरा विषय नव्हता. नागूला झोप लागेना, इतका तो खूष होता.

गुरुवारी दुपारी जनाकाकी तंबूशी आली. नागूच्या वाडीतली, विहिरीला लागून एकटीच राहणारी बाई. साथीच्या तापात नवरा आणि दोन्ही मुलं गेली तेव्हापासून तिचं पांढरं लुगडं. कपाळावर फडकं बांधलेलं होतं.

"नागू, तू हितं काय दाखवतोस रं?"

"का काकी? काय झालं?"

"बायका पान्याला येत नाय. मला बगून घागरी टाकून पळतात. काल कौलावर दगड पडलं. आज सकाळी हा." तिनं फडक्याला हात लावला. "मी नुसती केस वाळवत बसलेली."

 नागू तडक शेठकडे गेला, तुकडा बंद करा म्हणाला.

"शनिवारपर्यंत दम धर. एवढी हवा झाली आहे, ती घालवू?" शेठ म्हणाला.

नागूला दम धरवेना. तंबूभोवती त्यानं किती फेऱ्या घातल्या त्यालाच ठाऊक. मग कमळ्याच्या कानात काही सांगितलं, आणि जनाकाकीला म्हणाला, "काकी, संध्याकाळी तुमी या. बायकांत बसा."

खेळ संपला. तुकडा लागला. ठोके, थांबणं, कडी, किंकाळ्या, सगळं रोजच्यासारखं. लोक उठायला लागले तसा नागू पडद्यासमोर उभा राहिला.

"बसा! परत बगा!"

कमळ्यानं तुकडा पुन्हा लावला, या वेळी दांडा जोरात फिरवून. आणि नागूनं टिपरू घेऊन वरातीचा ताल धरला. तीच बाई विहिरीकडून निघाली, पण आता लग्नाला उशीर झाल्यासारखी लगबगीनं. कडी हलली, तर आत लपलेला नवरदेवच बाहेर निघतोय असं वाटलं. मागून एक हसला, मग सगळा तंबू.

"तीच बाय, तीच कडी," नागू ओरडला. "भ्या मी वाजवत होतो! आनि तुमी जनाकाकीला दगड मारता?"

हसू थांबलं. जनाकाकी उठून उभी राहिली.

"ओलं केस बांधलं तर माजं डोकं दुखतं," ती म्हणाली. "म्हनून मोकळं सोडते. दुसरं काय नाय."

वाडीतल्या नामाची बायको विमलबाई जागची उठली आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. दगड नामानं मारला होता, हे वाडीला माहीत होतं. दुसऱ्या सकाळी विहिरीवर पहिली घागर विमलबाईची पडली. दगड थांबले. दोन घरं मात्र शेवटपर्यंत लांबच्या ओढ्यावरच पाण्याला गेली.

शनिवारी तंबू भरला, पण भूत आलं की लोक मांड्यांवर वरातीचा ताल धरून खिदळत. रविवारी शेठनं नागूला काढून टाकलं. "तू खोटं बोलला नाहीस," तो म्हणाला, "पण माझा खेळ मोडलास."

नागू दुसऱ्या तंबूबरोबर पुण्याच्या अंगाला गेला, चार वर्षं भटकला. मग चित्रं बोलू लागली, ढोलवाल्यांची गरज सरली, आणि तो वाडीला परतून लग्नांत वाजवू लागला. कमळ्या भेटला की नागू म्हणे, तंबूतल्या त्या गप्प क्षणाइतकं चांगलं आपल्या हातून पुन्हा कधी वाजलं नाही. आणि बोलता बोलता त्याला जनाकाकीच्या कपाळावरचं ते फडकं आठवे, आणि तो उठून चालू लागे.

जनाकाकीच्या अंगणावरून जाताना तो दर वेळी रेंगाळायचा. काही बोलायचं असे. ती म्हणे, "पेज खाऊन जा रं," आणि पेज खाता खाता बोलणं राहून जाई.