सिहाव्याच्या नदीवर बाबांची शर्त

मी उभ्या आयुष्यात एकच वस्तू जप्त केली आहे, ती म्हणजे माझ्या बापाची स्कूटर.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. कालपर्यंत ज्या रस्त्यांवर म्हशी आणि सायकलरिक्षा समजुतीनं नांदत होत्या, तिथे लाल दिव्यांच्या गाड्या भोंगे वाजवत धावायला लागल्या. (दिवा कोणाचा हे कळेपर्यंत गाडी निघून गेलेली असायची.) आमचे बाबा मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. सत्तरी ओलांडलेले, गुडघे कुरकुरणारे, पण रोज सकाळी स्कूटरनं तात्यापाऱ्यात भाजीला आणि तिथून पुरानी बस्तीत दोस्तांकडे. एकदा अशाच एका दिव्यानं त्यांना नालीत उतरवलं. त्यांना साधं खरचटलंही नाही, पण माझी पाचावर धारण बसली आणि मी चावी कपाटात कुलुपात टाकली.

बाबा भांडले नाहीत, हेच वाईट झालं. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि बसूनच राहिले. काही विचारलं तर होकाराचं एक 'हव' म्हणायचे आणि गप्प. माझी बायको सुनंदा म्हणाली की घरात सासरा आहे की पाहुणा, काही समजून नाही राहिलं. शेवटी बाबांनीच तोंड उघडलं. थंडीत आपण सिहाव्याच्या डोंगराकडे जाणारच आहोत, तिथे नदीकाठानं धबधब्यापर्यंत पायवाट आहे. कोणाचाही हात न धरता ती जाऊन-येऊन चालून दाखवली तर चावी त्यांची. हात धरला तर स्कूटर खुशाल विकून टाकायची.

मी लगेच हो म्हटलं. दगडधोंड्यांची वाट आणि ते गुडघे! मनातल्या मनात मी गिऱ्हाईकसुद्धा ठरवून टाकलं.

आता आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल. आम्ही चौघं कुठेही पायी निघालो की आमची मालगाडी होते. मी इंजिन, सुनंदा आणि आमची पिंकी हे डबे, आणि बाबा गार्ड, म्हणून सगळ्यात मागे. त्यांची एक लांब शिट्टी म्हणजे निघा. तीन तोकड्या शिट्ट्या म्हणजे थांबा. मागे वळून पाहण्याचा अधिकार इंजिनाला नाही. या शिस्तीत आम्ही लग्नं केली, मेळे केले, एकदा तर मयतही केली. (तिथे शिट्टी हळू वाजवली.)

नदीवर पोचलो. दोन्ही अंगांनी सालाच्या झाडांचं रान चढत गेलेलं, मधल्या खोऱ्यात गोट्यांवरून खळखळणारं पाणी. बाबांनी लांब शिट्टी दिली आणि मी सुटलो. जरा जास्तच सुटलो. बाबांना हात धरावा लागावा म्हणून मी मुद्दाम वेग वाढवला होता. मागून पिंकी ओरडली, "पापा, धीरे चलो ना, आबा पीछे हैं." (पोट्टीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.) मला नालायक म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं, सुनंदा तेव्हा तेच म्हणून राहिली होती.

पुढे नदीला एक नाला येऊन मिळत होता आणि वाटेला फाटा फुटला होता. मी सिंचन खात्यातला माणूस, नद्या म्हणजे घरच्याच! थाटात डावीकडे वळलो. मागून तीन तोकड्या शिट्ट्या. आले, बाबा टेकीला आले! मी आणखी जोरात चालायला लागलो. पुन्हा तीन शिट्ट्या. मग त्या बारीक होत गेल्या आणि मग ऐकूच येईनात. तेव्हा कुठे मी नियम मोडून मागे पाहिलं, तर कोणीच नाही. गार्डानं गाडी थांबवल्यावर डबे शिस्तीत थांबले होते. इंजिन तेवढं एकटं पुढे निघून आलं होतं.

वाटही संपली होती. समोर नुसते दगड आणि नाल्याचं पाणी. घाईघाईनं वळलो, शेवाळावरून पाय सटकला, चष्मा पाण्यात आणि घोटा दोन दगडांच्या सापटीत. पाय निघाला, पण टेकवता येईना. मोबाइलवर सिग्नलची एक दांडी नव्हती. ऊन डोंगरामागे गेलं आणि खोऱ्यात एकदम गारठा उतरला. सकाळीच मी पिंकीला इथल्या अस्वलांची माहिती रंगवून रंगवून सांगितली होती, ती आता सगळी मलाच आठवायला लागली. मी खरंच भ्यालो. आणि एवढा घोडा झालेला मी, देवाचं नाही, बायकोचं नाही, "बाबा!" म्हणून बोंबललो.

खालून एक लांब शिट्टी आली.

बऱ्याच वेळानं ते दिसले. गार्ड पुढे आणि डबे मागे, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. बाबांचा चेहरा पांढराफटक. माझ्याजवळ बसले, पाय मांडीवर घेऊन घोटा चाचपला. दम परत आल्यावर म्हणाले, "तीन शिट्ट्या ऐकू नाही आल्या काय तुले?"

"आल्या."

"मंग काहून नाही थांबला?"

"मले वाटलं, तुम्ही थकले."

"थकलोच होतो. पण तू चुकीच्या लाइनीवर चालला होता न!"

त्यांनी रुमालानं माझा घोटा आवळून बांधला. मग ते खालमानेनं म्हणाले, "इकडे येताना एका मोठ्या दगडापाशी मी सुनबाईचा हात धरला. तू नाही पाहिलं, म्हणून सांगून ठेवतो. स्कूटर विकून टाक."

सुनंदानं मला कधी सांगितलं नसतं. बाबा गप्प राहिले असते तर शर्त शाबूत होती. आणि ती ते हरले होते माझ्याकडे येता येता. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया आली. रडूही आलं, पण घोट्याच्या नावावर ते खपून गेलं.

उतरताना माझा एक हात बाबांच्या खांद्यावर, एक सुनंदाच्या. (मी हात धरू नये असं शर्तीत कुठेच नव्हतं.)

इस्पितळातून घरी येताच कपाट उघडून मी चावी त्यांच्या हातात दिली. ते घेईनात, शर्त म्हणजे शर्त. मग मी सांगितलं की पायाला प्लास्टर आहे, ऑफिसला जाणं भाग आहे, आणि सुनंदाला गाडी येत नाही. ड्युटीचं नाव काढल्यावर ते उठले.

तेव्हापासून चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरापासून ऑफिसपर्यंत बाबा पुढे आणि मी मागे, प्लास्टरचा पाय बाजूला काढून. एक दिवस चौकात हवालदारानं अडवलं. म्हणाला, "बाबूजी, इस उमर में? लड़के को चलाने दीजिए."

बाबा शांतपणे म्हणाले, "क्या करें भैया, लड़का अभी चलाने लायक नहीं हुआ."

हवालदारानं माझ्या पिकल्या मिशांकडे पाहिलं, हळहळला आणि आम्हाला जाऊ दिलं.