कपबशीचा गोल शिक्का

तमाम मतदार बंधू-भगिनींना, त्यांच्या पाहुण्यारावळ्यांना आणि खास मतदानासाठी गावी आलेल्या सर्व मंडळींना या निवेदनाद्वारे जाहीर कळविण्यात येते की, सदर निवेदन करणारी बाई फितूर नव्हती, फितूर नाही, आणि फितुरीला जी अक्कल लागते ती तिच्याकडे कधीच नव्हती. तिने फक्त कागदावर एक कपबशी उमटवली. हे निवेदन पूर्ण शुद्धीत आणि चहा घेऊन केलेले आहे.

झालं. आता मोकळेपणानं सांगते. हसत सांगणार आहे, कारण मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं सांगताच येत नाही; पण ते दिवस आठवले की अजूनही माझे तळहात ओले होतात.

मला शुभेच्छापत्रं करायचा नाद आहे. रबरी शिक्के, शाईचा पॅड आणि जाड कागद. मोबाइलवर आमचा बायकांचा एक ग्रुप आहे. कुणी पुण्याची, कुणी नाशिकची, आणि केज तालुक्यातून मी एकटी. दर महिन्याला पुण्याच्या एक बाई विषय देतात आणि अटी घालतात. त्याला आम्ही चॅलेंज म्हणतो. पौषातला विषय होता 'चहाची वेळ'. अटी अशा: शिक्का एकच, शाई एकाच रंगाची, आणि कार्ड नुसतं फोटोपुरतं करायचं नाही, खऱ्या माणसाच्या हातात द्यायचं.

कपबशीचा शिक्का माझ्याकडे नव्हता. मी चित्र काढून अंबाजोगाईला गेले. तिथला शिक्केवाला जन्मभर मुख्याध्यापक, चेअरमन आणि सचिव यांचेच शिक्के करत आलेला. त्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"संस्थेचं नाव?"

"नाव नाही. नुसती कपबशी."

"पदनाम तरी सांगा."

"कपबशीला कसलं पद आलंय, भाऊ?"

त्याला ते पटलं नाही. बिनपदाचा शिक्का त्याच्या हातून जाईना. शेवटी त्यानं आपल्या मनानं कपबशीभोवती सुबक दुहेरी गोल घातला, आणि वर मला म्हणाला, "शिक्का म्हणल्यावर गोल पाहिजे, बाई. गोलाबिगर वजन येत न्हाई." त्या गोलाचे पैसेही त्यानं घेतले नाहीत. मी खुशीत घरी आले. कपबशी खरोखर छान दिसत होती. जांभळ्या शाईत पहिला ठसा गडद मारायचा, मग पुन्हा शाई न लावता त्याच्याच जरा वर दुसरा मारायचा. तो फिका उमटतो आणि वाफेसारखा वाटतो. खाली मी माझ्या हातानं लिहिलं: 'चहाला या. लक्ष असू द्या.'

आता घरातली माणसं सांगते. मी, आमचे हे, माझी थोरली जाऊ, आणि यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. जावेला मी आक्का म्हणते. आम्ही दोघींनी वीसेक वर्षं एका चुलीवर काढली आहेत. भासऱ्यांना सगळं गाव दादा म्हणतं आणि सगळं गाव वचकून असतं. रागावले की ते बोलत नाहीत, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसतात. माझ्याशी तर ते कधीच थेट बोललेले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नाही. काही सांगायचं झालं तर यांच्यामार्फत.

त्या वर्षी सरपंचपद महिलेसाठी राखीव सुटलं आणि दादांनी आक्काचा फॉर्म भरला. आक्काला विचारलं का? विचारलं. म्हणजे सही करताना "इथं कर" असं सांगितलं. समोरच्या पार्टीनंही एक बाई उभी केली. ती नेमकी माझ्या माहेरची, माझ्याच आळीतली, मला ताई म्हणणारी. तेव्हापासूनच दादांचे कार्यकर्ते मी चहा आणला की बोलणं थांबवायचे.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. दरवर्षी आम्ही वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देतो. आक्का म्हणाली, "ह्या साली काय बी देता येत न्हाई. आचारसंहिता हाय. डबा दिला की तक्रार व्हती."

आणि मी, उत्साहाचा झरा, म्हणाले, "आक्का, माझी कार्डं द्यायची का? कागदाला कोण काय म्हणणार?"

आक्कानं कार्ड हातात घेऊन पाहिलं. "लई गोड हाय गं," म्हणाली. मी बसून ठसे मारले. बोटांची टोकं जांभळी झाली ती काही केल्या निघेनात. हळदीकुंकवाला गावातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. आक्कानं स्वतःच्या हातानं प्रत्येकीच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि वर कार्ड दिलं. मी कौतुकानं फोटो काढून ग्रुपवर टाकले. चॅलेंज पूर्ण.

दोन दिवसांनी माघारीची मुदत संपली आणि तहसीलला चिन्हं वाटली. यांचा फोन आला. मी भाकरी थापत होते, म्हणून फोन आक्कानं स्पीकरवर लावला.

"वहिनी, आपल्याला पंखा मिळाला. छताचा पंखा."

"बरं हाय की," आक्का म्हणाली. "अन् तिला?"

"कपबशी."

भाकरी तव्यावर करपली. आक्का माझ्याकडे बघत होती, मी माझ्या बोटांकडे. गावात प्रत्येक घरात एक कपबशी होती, मतपत्रिकेवर छापतात तशी गोलात, खाली 'लक्ष असू द्या', आणि ती पंख्याच्या उमेदवारानं स्वतःच्या हातानं दिलेली होती.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? तुम्ही आमच्याकडची निवडणूक पाहिलेली नाही. मागच्या खेपेला खालच्या आळीतल्या एका सुनेवर संशय आला की हिनं आतून दुसऱ्या पार्टीला मतं फिरवली. तिला कुणी मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. सासऱ्यानं फक्त म्हटलं, "चार दिवस माहेरी जाऊन ये." ती अजून आलेली नाही. तिच्या दारातली तुळस शेजारीण पाणी घालून जगवते. मी त्या दारावरून रोज जाते. फितूर हा शब्द आमच्याकडे कुणी ओरडून म्हणत नाही, हळूच म्हणतात, आणि मग घरात तुमचं ताट मांडायचं राहून जातं.

मी ठरवलं, दादांच्या कानावर जायच्या आत कार्डं गोळा करायची. आक्काला म्हटलं, "तुम्ही गप्प राहा, मी बघते." डोक्यावर पदर घेतला आणि निघाले.

पहिलं घर शेजारचं. "ते कार्ड जरा देतीस का? त्यात चूक झालीय."

"कसली चूक?" शेजारीण म्हणाली. "कान उलट्या अंगाला लागला का कपाला?"

"दुरुस्त करून आणून देते."

"वाण परत नेत्यात का गं कुठं? तुज्या माहेरी नेत असतील, आमच्याकडं न्हाई." आणि तिनं दार लोटलं.

दुसऱ्या घरी म्हातारीनं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं. कपबशीला रीतसर हळदकुंकू लावलेलं. "सवाष्णीच्या हातचं वाण हाय," ती म्हणाली, "न्यायचं तर तू उचल. माजा हात लागायचा न्हाई." मी हात पुढे केला आणि मागे घेतला. दादांची भीती एक, आणि आता देवाचीही.

तिसऱ्या घरची बाई मला ओढून आतल्या खोलीत घेऊन गेली. कडी लावली. कानाशी येऊन म्हणाली, "मला समदं कळलं. आमचं बी तिकडंच हाय."

"कुणीकडं?"

"आता माझ्यापशी कावून लपवतीस? वरून पंखा अन् आतून कपबशी. कर तू बिनघोर, म्या कुणाला सांगत न्हाई."

मी घरोघर जाऊन दार लोटून हळू आवाजात कपबशीबद्दल बोलत होते. प्रचार याहून वेगळा काय असतो? मी परत फिरले. रस्ता तोच, घरंही तीच, पण प्रत्येक ओट्यावरून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. एकीनं मला बघून हसून मान हलवली. ते हसू मला दगडासारखं लागलं.

घरी आले तर फोन वाजत होता. गावच्या ग्रुपवर माझ्या कार्डाचा फोटो आलेला. खाली मजकूर: 'विरोधी उमेदवाराच्या शुभहस्ते आमच्या कपबशीचे वाटप. ताईंचे मनःपूर्वक आभार.' ताई कोण, हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. त्याच वेळी कार्डांच्या ग्रुपवर पुण्याच्या बाईंचा संदेश आला, की या महिन्याचं सर्वोत्तम कार्ड तुमचं, तो गोल कसा काय सुचला? जन्मात पहिल्यांदा जिंकले होते आणि मी फोन उशीखाली सारला.

मी तेवढ्यात एक शहाणपणा केला. घरातल्या सगळ्या कपबश्या माळ्यावर टाकल्या आणि कार्यकर्त्यांना चहा स्टीलच्या पेल्यांतून पाठवला. नंतर कळलं की त्यावरून बैठकीत चर्चा झाली: कपबश्या कुठं गेल्या, कुणाला दिल्या?

मग हे आत आले. चेहरा उतरलेला. "दादानं बोलावलंय. बैठकीत."

"मला?"

"तुला. पदर नीट घे."

"तुम्ही येताय ना?"

"येतो की. तू हो पुढं."

बैठकीत मी याआधी फक्त चहाचा ट्रे घेऊन गेले होते. रिकाम्या हातांनी त्या दिवशी पहिल्यांदाच गेले, आणि हातांचं काय करावं कळेना. जांभळी बोटं पदराखाली लपवली. कार्यकर्ते भिंतीला टेकून बसले होते. सतरंजीवर मध्यभागी माझं कार्ड पडलेलं. दादा सुपारी कातरत होते. कर्र. कर्र.

"विचार तिला," दादा यांना म्हणाले, "हे तिनं केलं का?"

हे माझ्याकडे वळले. "हे तू केलंस का?"

"हो."

"हो म्हणतीये," यांनी कळवलं, जणू मी दुसऱ्या तालुक्यात होते. प्रत्येक प्रश्न मला असा दोनदा ऐकावा लागत होता, आणि दोन्ही वेळा तो नव्यानं लागत होता.

"शिक्का कवा केला?"

"चिन्हं यायच्या आधी," मी म्हणाले. माझा हुकमाचा पत्ता हाच होता. मला वाटलं, संपलं, सुटले.

एका कार्यकर्त्यानं पुढे सरकून विचारलं, "चिन्हाच्या आधीच? मग कपबशी येणार हे कसं ठावं झालं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझा पत्ता माझ्याच गळ्याशी आला होता. मी घाईघाईनं रीत सोडून सरळच बोलले, "ठाऊक नव्हतं हो. मला चॅलेंज होतं."

अडकित्ता थांबला. "विचार तिला, चॅलेंज कुणी दिलं?"

"चॅलेंज कुणी दिलं?"

"पुण्याच्या बाईंनी."

"पुण्यावरनं," दुसरा कार्यकर्ता हळूच म्हणाला. "म्हंजी हे वरनं चाललंय." आणि मग कोपऱ्यातून तो शब्द आला, अगदी मऊ आवाजात, खोकल्यासारखा. फितूर.

रबर, शाई, फिका ठसा, वाफ, यातलं काय सांगू? मी जे जे खरं सांगत होते त्याचा त्या खोलीत पुरावा होत होता. मी यांच्याकडे पाहिलं. हे स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

दादांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. शांतपणे म्हणाले, "धाकट्या, हिला चार दिवस माहेरी सोडून ये. निकाल लागस्तोवर."

चार दिवस. माझ्या डोळ्यांपुढे ते तुळशीचं दार आलं. हे "बरं" म्हणाले की नाही ते मला ऐकू आलं नाही, पण उठायला लागलेले दिसले.

तेवढ्यात आतल्या दाराची कडी वाजली आणि आक्का बैठकीत आली. हात पिठाचे. वीस वर्षांत मी तिला दादांसमोर "जी" आणि "व्हय" याच्यापुढं बोलताना ऐकलेलं नव्हतं. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, सतरंजीवरचं कार्ड उचललं, आणि पिठाच्या बोटांनी ते दादांच्या पुढ्यात धरलं. मला कागदाची फडफड ऐकू येत होती. डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला होता आणि तिचं त्याकडे लक्ष नव्हतं. सगळे कार्यकर्ते एकदम छताकडे बघायला लागले.

"हिनं नुस्ती केली, वाटली म्या," आक्का म्हणाली. "हिला धाडायचं तर मी बी जाते हिच्यासंगं. जागा बाईची हाय, मग नेसा लुगडं अन् ऱ्हावा तुमीच उभे."