आतेभावाची शाळा

नववीत असताना आमच्या शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये आम्ही पाच जण होतो आणि बाकीच्या चौघांचा माझ्यावर संशय होता. कारण एवढंच, की माझा आतेभाऊ आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या शाळेच्या टीममध्ये होता.

आधी सगळं बरं चाललं होतं. मी येडशीहून एसटीनं धाराशिवला शाळेला यायचे. शाळा सुटली की जुन्या शिवणवर्गाच्या खोलीत आम्ही जमायचो. स्पर्धेत रोबोटनं जमिनीवरची प्लास्टिकची रिंग उचलून उंच खांबात अडकवायची होती. आमच्या रोबोटचा हात अर्ध्यावरच अडायचा. शेवटी दोरी आणि दोन कप्प्या लावून आम्ही तो वर नेला. वायरिंग माझ्याकडं होतं. एकदा बोलता बोलता मी म्हणाले, "माझा आतेभाऊपण हेच करतो, वाशीला." आमची कॅप्टन दहावीतली होती. ती नुसतं "अच्छा" म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीत शिरले की लॅपटॉप मिटायला लागला. मापं एकमेकांच्या कानात सांगायचे. रोबोटवर चादर असायची. मला वायर जोडायची असली की तेवढाच कोपरा उचलून द्यायचे.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही आत्याच्या शेतात जेवायला गेलो. भज्जी-आंबील झाल्यावर आतेभाऊ जवळ येऊन बसला.

"काय बनवायलाव गं तुमी?"

एरवी मी मातीत रेघा ओढून दाखवलं असतं. तेव्हा मनात आलं, हा सहज विचारतोय, का याला कुणी विचारायला लावलंय?

"काय न्हाय," मी म्हणाले.

"लई मोठी झालीस व्हय गं?" आत्या म्हणाली. तिला लागलं होतं, ते आवाजात कळलं.

मग एके दिवशी कॅप्टननं मला व्हरांड्यात बोलावलं. "कुणाला सांगू नकोस. तो हात आपण काढून टाकणार. हवेनं रिंग ओढून धरणारा पंप बसवायचा."

पंप बसवला तर रोबोट वजनाच्या नियमात बसतच नव्हता, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणजे ही खोटी गोष्ट वाशीला पोचते का, तेवढंच बघायचं होतं. मी "बरं" म्हणाले. एसटीत खिडकीकडं तोंड करून रडले.

सराव सामन्याला वाशीची टीम आमच्या शाळेत आली. त्यांचा रोबोट खोक्यातून बाहेर निघाला आणि आमचे चौघे माझ्याकडं बघायला लागले. पंप नव्हता. पण तीच दोरी होती, तशाच दोन कप्प्या.

"मी न्हाय सांगितलं."

"मग त्यांना काय सपान पडलं?" कॅप्टन म्हणाली.

मी तडक आतेभावाकडं गेले. "हे कुठनं आणलंत?"

तो गांगरला. "तुमच्या हेडसरांच्या स्टेटसवरनं. आमच्या सरांकडं नंबर हाय त्यांचा. सर रोज दाखवतात आम्हाला."

त्यानं त्यांच्या सरांचा फोन मागून आणला. कॅप्टनला मीच हाक मारली. फोनवर आमचा रोबोट चादरीशिवाय, चारी बाजूंनी, कप्प्या तर अगदी जवळून. मागं हेडसरांचा आवाज, "बघा आमच्या लेकरांची कमाल!" रोज सकाळी खोली उघडून ते कौतुकानं शूटिंग करत होते.

कॅप्टननं तो व्हिडिओ दोनदा बघितला. सामना आम्ही हरलो. आमचीच युक्ती त्यांच्याकडं जास्त सफाईनं चालत होती.

आमच्या टीमच्या सरांनी हेडसरांना असं स्टेटसला टाकू नका म्हणून सांगितलं, तर ते रुसले. "चांगलं झालेलं कुणाला दाखवायचंच न्हाय का?"

जिल्ह्याच्या स्पर्धेला जाताना कॅप्टन जीपमध्ये माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "माझं चुकलं."

मी "हं" म्हणाले. मला बरंही वाटलं. पण मैदानावर तिनं वायरिंगचा बदललेला कागद हातात दिला, तेव्हा तो खरा आहे ना, हे मी आधी सरांना विचारून घेतलं.