हललं की उजेड

नवरा गेला तेव्हा सोमशेखर चार वर्षांचा होता. चन्नम्मा मिरची कांडपावर कामाला लागली आणि तीस वर्षं नाकाला पदर बांधून लोकांची चटणी कुटत राहिली. पोरगं शिकलं, शाहूपुरीत त्याचं टाइल्सचं दुकान झालं, नागाळा पार्कात बंगला झाला. सत्तरीला टेकलेल्या चन्नम्माला त्या बंगल्यात एकच खोड होती. साखरेचा आजार असून जाता-येता गुळाचा खडा तोंडात टाकायची.

सून सौंदर्या दोनदा बोलून थकली. मग सोमशेखरनं कॅमेरे बसवणाऱ्या मोहितला बोलावलं. त्यानं स्वयंपाकघरात आणि बोळात कॅमेरे लावून घरातले दिवे त्यांना जोडून दिले. माणूस हललं की दिवे लख्ख लागायचे आणि सोमशेखरच्या मोबाईलवर खबर जायची. दोन मिनिटं काही हललं नाही, की दिवे विझायचे. भिंतीवरची बटणं कुणी दाबू नयेत म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी मारली.

पहिल्याच आठवड्यात पहाटे तिनं गुळाच्या डब्याला हात लावला, तसा उजेड अंगावर आला आणि छताजवळच्या कॅमेऱ्यातनं लेकाचा आवाज आला, "अव्वा, डबा ठेव."

डबा हातातनं निसटला. ती वाकून खडे गोळा करतानाचं चित्रण सोमशेखरनं पावण्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, चोर सापडला. गडमुडशिंगीच्या भावजयीनं, दानेश्वरीनं, फोन करून सांगितलं तेव्हा चन्नम्माला ते कळलं. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात गेली नाही. कुणी ताट आणून ठेवलं तर जेवायची, विसरले तर पाणी पिऊन पडायची.

मे महिन्यात मलकापूरला सौंदर्याच्या माहेरचं लग्न होतं. गाडीत जागा नाही असं सांगून नवराबायको पोरांना घेऊन गेले. संध्याकाळी संडासला जाताना चन्नम्माचा पाय बोळात घसरला. खुब्यात कडकन आवाज झाला. ती दाराच्या आडोशाला अशी पडली, की कॅमेऱ्याला फक्त तिचा उजवा हात दिसत होता. दोन मिनिटांनी दिवे विझले.

तिनं हात हलवला. दिवे लागले, विझले. पुन्हा हलवला. खबर जातीया, पोरगं बघंल, एवढंच तिच्या मनात होतं.

बघितलं त्यानं. सात-आठ खबरी आल्यावर मांडवातनंच, मोबाईलवरनं कॅमेऱ्यात बोलला. मागं बँड वाजत होता.

"अव्वा, काय खेळ लावलायस? गप पड की."

"पडलोय रं बाळ," ती म्हणाली. "उठाय येईना."

बँडात त्याला ऐकू गेलं नाही. जवळच कुणीतरी हसलं. त्यानं घरच्या खबरी बंद करून टाकल्या आणि पंगतीला बसला. हे सौंदर्यानंच पुढं शेजारणीला सांगितलं.

चन्नम्माला ते ठाऊक नव्हतं. ती हात हलवत राहिली. खांदा भरून आला तेव्हा नुसतं मनगट, मग बोटं. बोटं कॅमेऱ्याला दिसेनात. घर अंधारात गेलं. लुगडं ओलं झालं, तहानेनं जीभ टाळूला चिकटली, आणि लेकाचा तो आवाज पुन्हा येईल म्हणून ती छताकडं कान देऊन पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण चालणं सुटलं ते सुटलंच. दवाखान्यात बघायला येणाऱ्यांना सोमशेखर सांगायचा, कॅमेरा होता म्हणून बरं, लगेच कळलं. पावणं माना डोलवायचे. असा लेक मिळायला भाग्य लागतं म्हणायचे.

दानेश्वरीचा विश्वास बसला नाही. सगळे चहाला खाली गेल्यावर तिनं खाटेशी वाकून विचारलं, "खरं व्हय वन्सं? लगीच आलता?"

चन्नम्मानं उशीवर मान वळवली.

"व्हय," ती म्हणाली. "लगीच आलता."

त्यानंतर ती चार महिने जगली. मोहितनं येऊन तिसरा कॅमेरा तिच्या खाटेच्या वर बसवून दिला.