अकरा जणांत तिसरे

आमच्या भावजींएवढा उशिरा निघून एवढ्या घाईत असलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा दाखवा, मी त्याच्या घरची भांडी घाशीन. चोपन्नाव्या वर्षी या माणसानं पीएच.डी.ला अर्ज केला, तोही केमिकल इंजिनिअरिंगमध्ये. आमच्या वसमतच्या गल्लीत त्या वयाची माणसं ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळतात.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि ते सहा वर्षांचे. सासूबाई आधीच गेलेल्या. पण रीत ती रीत, दिराला अहोजाहोच करायचं. तेव्हा शेंबूड गळणाऱ्या त्या लेकराला मी म्हणायची, "भावजी, नाक पुसा. भावजी, चड्डी उलटी घातली तुमी. भावजी, आता गप जेवा, न्हाई तर पाठीत धपाटा देईन." धपाटे दिले, पण मानानं दिले. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. ते पाटीवर गिरवायचे, त्यांच्या शेजारी बसून मी जमिनीवर खडूनं गिरवायची. ते पहिलीतून दुसरीत गेले तेव्हा मीही गेले, फक्त माझं नाव हजेरीत नव्हतं.

त्यांना लहानपणापासून एकच खोड. कुठल्याही गोष्टीला "काहून?" विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही. दूध उतू काहून जातं, पाणी काहून जात न्हाई? मी म्हणायची, दुधाला माज असतो. ते त्यांना पटायचं नाही. पुढं इंजिनिअर झाले, जवळच्या साखर कारखान्यात लागले, तरी खोड तशीच. आमच्याकडं हळदीचा हंगाम आला की कढईत हळद शिजवणाऱ्या बायांपुढं हे उकिडवे बसायचे. "आताच काहून उतरवली?" बाया म्हणायच्या, "वासावरून." मग हे तिसऱ्या दिवशीही तिथंच, डोळे मिटून वास घेऊन राहिले. एक बाई मला म्हणाली, "तुमच्या दिराला काही झालंय का हो?" मी म्हटलं, "जन्मापासून आहे."

लग्न झालं नाही ते यामुळंच. एकदा मुलगी बघायला गेलो. मुलीनं चहा आणला, साखरेची वाटी वेगळी ठेवली. भावजींनी वाटी उचलली, खिडकीपाशी नेली, चिमूटभर साखर उन्हात धरली आणि म्हणाले, "दाणा एकसारखा न्हाई हो." मुलीचे वडील खजील. दोन दिवसांनी निरोप आला की मुलगी म्हणते, पाहुणे साखरेकडं बघून राहिले होते, माझ्याकडं न्हाई. मी रागावले तर म्हणाले, "वैनी, पण दाणा खरंच बारीक-मोठा होता."

आता हा दाणा काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. कारखान्यात उसाचा रस आटवायचं एक मोठं बंद भांडं असतं, त्याला पॅन म्हणतात. त्यात साखरेचे दाणे धरतात आणि हळूहळू वाढवतात. सगळे एकसारखे वाढले तर साखर चांगली. पण कधी कधी मध्येच धुळीसारखे बारीक दाणे अचानक फुटतात. त्याला म्हणतात खोटा दाणा. तो पडला की सगळा घाणा बिघडतो. पॅनवर जो जाणता माणूस उभा असतो, तो पॅनमन. भावजी नोकरीला लागले तेव्हाचे पॅनमन मामा चौथी शिकलेले. पण काचेतून नुसतं बघून सांगायचे, "आता पडतो बघा खोटा दाणा," आणि वाफ कमी करायचे. इंजिनिअर भावजींनी त्यांच्या हाताखाली तीन हंगाम काढले. विचारलं, "मामा, तुमाला आधीच कसं कळतं?" मामा म्हणाले, "दिसतं की." भावजींना काही दिसेना. तेव्हापासून दर हंगामाला एक वही. किती वाजता, किती गरम, बाहेर पाऊस होता का, मामा त्या दिवशी बायकोशी भांडून आले होते का, सगळं त्यात. कपाट भरलं, पण उत्तर नाही.

आमचे हे गेले, लेकी सासरी गेल्या, घरात आम्ही दोघंच उरलो. मग एक दिवस जेवता जेवता भावजी म्हणाले, "वैनी, हे माझं मला सुटणार न्हाई. कोणाकडं तरी शिकायला पायजे. चार वर्षांनी रिटायर होईन, मग कोणी घेणार न्हाई."

आधी एक परीक्षा होती, नांदेडला. गेटवरच्या शिपायानं अडवलं. "काका, पालकांनी बाहेर थांबायचं." हे म्हणाले, "पालक घरी आहेत, मीच परीक्षेला आलोय." पास झाले. मग गळीत हंगाम संपल्यावर दूरच्या एका मोठ्या सरकारी संस्थेचा अर्ज भरायला बसलो. बसलो म्हणजे मीही, कारण मोबाइलवर माझी बोटं त्यांच्याहून चांगली चालतात. तुम्हाला हे शिक्षण का घ्यायचंय, हजार शब्दांत लिहा, असं होतं. भावजींनी लिहिलं, "खोटा दाणा का पडतो ते मला माहीत नाही." संपलं. मी म्हटलं, "रोज माझं डोकं खाता तेवढंच उतरवा, पाच हजार शब्द होतील." ते मात्र झालं, कपाटातल्या वह्यांची हकीकतही त्यात आली.

अडलं ते शिफारशीपाशी. तुमचं काम जवळून पाहिलेल्या दोघांची पत्रं हवी होती. कॉलेजातले एक म्हातारे सर सापडले, त्यांनी दिलं. दुसरं कोणाचं? गल्लीत जो तो सांगे, "आमदारसाहेबांचं घ्या, आपलाच माणूस आहे." भावजी म्हणाले, "त्यांनी माझा दाणा कधी पाहिला?" आणि पॅनमन मामांचं नाव टाकून मोकळे झाले.

मामा आता पंचाहत्तरीचे. त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर संस्थेची लिंक आली. नातू कामावर, म्हणून मी गेले. ते सांगत होते, मी मराठीत टाइप करत होते. पत्र ब्येस झालं. "माणूस कामाला वाघ आहे, झोप येत न्हाई त्याला," वगैरे. मग खाली एक प्रश्न आला. मोबाइलनं त्याचं मराठी करून दिलं की तुम्ही शिकवलेल्यांमध्ये हा उमेदवार कुठं बसतो? शंभरात पहिल्या पाचात, पहिल्या पंचविसात, की पहिल्या पन्नासात?

मामांनी बोटं मोजली. "माझ्या हाताखालून अकरा जण गेले. त्यात हा तिसरा."

मी हिशेब केला. शंभरात सत्तावीस येत होते. म्हटलं, "मामा, पंचविसात टाकू का? दोनचा तर फरक आहे."

"का म्हून?"

"अहो, लोक पहिल्या पाचात टाकतात सगळ्यांना! वर्षभरापासून खपून राहिले ते. एका खुणेसाठी जाईल सगळं."

"ताई, तो पोरगा मला विचारायचा तेव्हा मी त्याला कधी खोटं सांगितलं न्हाई. आता त्याच्याबद्दल सांगू? पन्नासात करा. आन् खाली ल्ह्या, अकरात तिसरा."

केलं. घरी येऊन भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "तिसरा म्हणाले? मला वाटायचं पाचवा असेन." आणि खूश होऊन शेंगा फोडत बसले! असा माणूस.

मुलाखत घरूनच होती, कॉम्प्युटरवर, दुपारी. मी कुकर लावला नाही, नळ बंद केला आणि दाराआड उभी राहिले. लाइट जाऊ नये म्हणून काय काय म्हटलं ते देवाला ठाऊक. सगळं इंग्रजीत चाललं होतं. भावजी अडखळत होते. मग एक बाई हिंदीत म्हणाल्या, "आपके गुरुजी ने आपको तीसरा नंबर दिया है। ऐसा हमने कभी देखा नहीं।"

"बराबर लिखा है, मॅडम."

"पहले दो कौन हैं?"

"एक कर्नाटक में पॅन पर है. दूसरे की रस्ते पे रसवंती है, ज्यूस बेचता है."

तिकडं कोणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "फिर तो हमें उन्हीं को लेना चाहिए।"

 भावजींनी मान डोलावली. मग म्हणाले, "जरूर लो, मॅडम. लेकिन वो आएंगे नहीं. उनको दिखता है, तो उनको पूछने की तकलीफ नहीं. मेरे को नहीं दिखता, इसलिए पूछना है."

  त्या बाई म्हणाल्या, "वो कॉपियाँ दिखाइए।" मग पुढचा तासभर भावजी एकेक वही त्या कॉम्प्युटरपुढं धरून पानं उलटत होते, आणि मी आतून वह्या आणून देत होते.

घेतलं त्यांना. नोकरी सोडून जुलैत गेले. गल्ली म्हणाली, "रिटायर व्हायच्या वयात हॉस्टेलात!" मी म्हटलं, "तुमी पोरगं पाठवा तिथं, मग बोला."

मुलाखतीतल्या त्या बाईच आता त्यांच्या गाइड आहेत. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. परवा भावजींचा फोन आला. आवाजात इतका आनंद की मला वाटलं काही बक्षीस मिळालं. म्हणाले, "वैनी, आज मॅडम मला सगळ्या पोरांसमोर रागावल्या. उशीर झाला म्हणून, आन् वहीत खाडाखोड केली म्हणून. लई बोलल्या!"

मी म्हटलं, "मग उद्या लवकर उठा."

"व्हय," म्हणाले. मला फोन ठेववेना. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांना रागवायचं काम माझ्याकडं होतं.